मागच्या डेकवरची भाऊबीज

जहाज सुटायला दहा मिनिटं उरली होती. क्रूझवर लाँड्रीचं काम करणारा तो मागच्या डेकवर फोन टेकवून बसला. टोपी नव्हती, म्हणून प्रवाशांचा एक घडी केलेला टॉवेल डोक्यावर ठेवला. इथे दुपार होती, देवरुखला दिवेलागण.

"जरा वाक, कपाळ दिसत नाही," ताई म्हणाली. तिने फोनवरच्या त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तबक एकदा फिरलं.

भोंगा वाजला. किनारा मागे पडला, तशी रेंजही गेली. ताईचा हात, तबक, ज्योत, सगळं स्क्रीनवर जागच्या जागी थांबलं. पुढचे चार दिवस नुसता समुद्र होता.

"नेट गेलं का रे?" मागून आलेल्या सोबत्याने विचारलं.

त्याने डोक्यावरचा टॉवेल सावरला. "थांब जरा. ताई ओवाळतेय."