नवसाचं भकल

डॉक्टरांनी विरुपाक्षअप्पांच्या हृदयाचं दुखणं बघून खोबरं बंद केलं, त्याच दिवशी त्यांची बायको नीलम्मा सिद्धेश्वराला नवस बोलली: यांचं काळीज धड राहू दे, दर सोमवारी नारळ फोडीन. एक भकल देवळात राहायचं, एक घरी यायचं.

"प्रसाद हाय, टाकायचा न्हाय. तुमी हात लावू नगा, मी खाती की," म्हणत चार वर्षं तिनं ते एकटीनं संपवलं.

परवा डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि तिचंही खोबरं बंद केलं.

सोमवारी अप्पा तिच्यासाठी नवस बोलून, नारळ फोडून, धापा टाकत घरी आले. तिच्या खाटेपाशी टेकले आणि पिशवीतलं भकल काढलं.

"तुमाला बंद हाय न्हवं?"

"प्रसाद हाय," अप्पा म्हणाले आणि दमल्या तोंडानं चावत राहिले.