कुठल्या पानावर?

घरच्या ग्रुपवर दोन व्याह्यांची धर्मावरून जुंपली होती. मुलीच्या बापाने व्याह्यांना 'आंधळे भक्त' म्हटलं, तर त्यांनी उलट 'पाखंडी गाढव' असं पाठवलं. दाखला मात्र दोघेही एकाच ग्रंथाचा देत होते. विहिणींनी एकमेकींना फोन करणंही सोडलं, आणि मधल्यामध्ये सुनेची अडकित्त्यातली सुपारी झाली.

शेवटी रविवारी तिने दोघांना जेवायला एकत्र बसवलं आणि ताटं मांडायच्या आधी तो जाडजूड ग्रंथच टेबलावर ठेवला.

"बाबा, तुम्ही म्हणता ते यात कुठल्या पानावर आहे?"

बाबांनी खिसे चाचपले. "चष्मा घरीच राहिला गं."

"मग अण्णा, तुम्ही दाखवा."

"दाखवलं असतं," सासरे म्हणाले, "पण यांना पटणार आहे का?"

"तुम्ही दोघांनी हा वाचलाय तरी का?"

"असले ग्रंथ वाचायचे नसतात, मानायचे असतात," सासरे म्हणाले.

"आणि खोडून काढायलाही वाचावे लागत नाहीत," बाबा म्हणाले.

"बरं, मग मीच वाचून दाखवते," म्हणत तिने ग्रंथ उघडला.

"आधी जेवून घेऊ!" दोघे एकदम म्हणाले.

जेवणं उरकली. संध्याकाळी सासऱ्यांनी ग्रुपवर लिहिलं, "हल्लीच्या मुली चार बुकं शिकतात आणि वडीलधाऱ्यांच्या परीक्षा घेतात."

तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात बाबांचं उत्तर आलं, "अगदी माझ्या मनातलं बोललात, व्याहीबुवा."