फक्त रंग सांगा

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं दोन हजार सहा साली पहिल्यांदाच डिझायनर नेमली, ती लोणीची यशोधरा. कंपनी नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटोचे भाव दाखवणारं टचस्क्रीन मशीन बनवत होती. यशोधरा तीन दिवस बाजारात माल घेऊन येणाऱ्या बायांमध्ये बसली आणि चित्रं, मोठे आकडे, बोलून भाव सांगणारा आवाज असं सगळं कागदावर मांडून घेऊन आली.

साहेबांनी कागद न उलगडताच बाजूला सारले. "प्रोग्रॅम कधीच तयार झालाय, मॅडम. तुम्ही फक्त बटणाचा रंग सांगा."

"पण सर, तिथल्या निम्म्या बायांना वाचता येत नाही."

"शिकतील हो हळूहळू."

तिनं मुकाट्यानं हिरवा सांगितला.

उद्घाटनाला तिची आई शकुबाई मुद्दाम लोणीहून आली. लेकीचं काम म्हणून पहिलं बटण दाबायचा मान तिलाच मिळाला. स्क्रीनवरच्या बारीक अक्षरांसमोर ती बोट उचलून नुसतीच उभी राहिली. मागची माणसं चुळबुळ करू लागली.



तशी ती लेकीकडे वळून हळूच म्हणाली, "मशीन लई चांगलं झालंय, यशू. मीच पडले अडाणी, त्याला तू तरी काय करणार?"