असा मालक मिळणार नाही

दारावरची घंटा वाजली आणि लाँड्रीच्या मालकाने वर पाहिलं. तपासनीस बाई ठरल्या वेळेच्या आधीच दारात उभ्या होत्या.

घरदार विकून त्याने या परक्या देशात लाँड्री थाटली होती. इथल्या दोन माणसांच्या हाताला खरोखरचं काम दिलेलं दिसलं, तरच त्याला, बायकोला आणि लेकीला सरकार कायमचं राहू देणार होतं. नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि परत जाऊन राहायचं तरी कुठे?

बाईंनी धुलाईची यंत्रं पाहिली, हँगरवरचे कोट पाहिले, पगाराच्या पावत्या चाळल्या. सगळं ठीक होतं. बायकोच्या जिवात जीव आला. मालक मात्र घाम पुसत होता.

मग बाई इस्त्रीवाल्याकडे वळल्या. "इथलं काम कसं वाटतं?"

इस्त्रीवाला साठीचा, मनाने निर्मळ. मालकाचं भलं करायची अशी संधी तो थोडाच सोडणार!

"असा मालक शोधून सापडायचा नाही, मॅडम. आम्हाला कशालाही हात लावू देत नाहीत. पहाटे येऊन सगळे कपडे स्वतःच इस्त्री करून ठेवतात. मी आलो की म्हणतात, बसा हो, चहा घ्या."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. इस्त्रीवाला आणि शिवणकामवाली ही दोघं कंटाळून सोडून गेली तर आपलं सगळंच मुसळ केरात, या धास्तीने मालकाने त्यांना जावयासारखं जपलं होतं. त्यांना चटका म्हणून लागू दिला नव्हता.

"आणि तुम्ही?" बाईंनी शिवणकामवालीला विचारलं.

"माझंही तसंच. साधं बटणसुद्धा वहिनी मला लावू देत नाहीत," ती कौतुकाने म्हणाली.

"मग तुम्ही दोघं दिवसभर करता काय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बसतो," इस्त्रीवाला म्हणाला. "गप्पा मारतो."

बायकोने डोळे मिटून घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं, थट्टेवारी न्यायला हवं होतं, पण मालकाने नुसत्या पगाराच्या पावत्या पुन्हा बाईंपुढे सरकवल्या. बाईंनी पेन काढलं आणि त्या उभ्या उभ्याच लिहायला लागल्या.

इस्त्रीवाला हळूच मालकाजवळ सरकला.

"घाबरू नका हो," तो कानाशी पुटपुटला. "अजून काही विचारलं तरी आम्ही हेच सांगणार."