तडजोडीची तयारी

वधूवर मंडळाच्या संगणकाने हेमांगीला पुन्हा तेच स्थळ सुचवलं: तिचाच घटस्फोटित नवरा.

"अहो दादा, याच्याशीच तर मोडलंय माझं!"

मंडळाचा प्रोग्रामर अभिमानाने फुलला. "ताई, आमचं फंक्शन, म्हणजे जुळवणीचं सूत्र, शुद्ध आहे. झालंगेलं मनात ठेवत नाही, कुणाची भीड धरत नाही. तीच माहिती दिली, की जन्मोजन्मी तेच उत्तर!"

"अगदी माझ्या आईसारखं. तीही म्हणते, परत जा."

"तुमची माहिती लग्नाआधीची आहे. जुनी नोंद आम्ही पुसत नाही. काही बदललं असेल तर नवी घाला."

हेमांगीने कीबोर्ड ओढला. 'तडजोडीची तयारी' समोर जुनं उत्तर होतं 'पूर्ण'. तिने लिहिलं, 'नाही'.

पडद्यावर उमटलं: 'एकही स्थळ नाही.'

प्रोग्रामर ओशाळला. "सॉरी, ताई."

"सॉरी कसलं? पेढे मागवा!" म्हणत ती माहेरी आल्यासारखी हसली.