कोरडे गुडघे

लंडनच्या पेकममध्ये मी चार महिने आमच्या घानाच्या पोरांचे फोटो काढत हिंडलो. आमची तरुणाई एकदा तरी दिमाखात भिंतीवर झळकावी, एवढीच इच्छा. बास्केटबॉल खेळणाऱ्या फीफीचा, हाफ पँटमधला फोटो तर मी पुरुषभर उंच करून प्रदर्शनाच्या दारातच लावला.

उद्घाटनाला आलेले एक समीक्षक त्यापुढे थबकले. म्हणाले, "गुडघ्यांवरचा हा पांढुरका थर म्हणजे साक्षात स्थलांतराची वेदना!" मला ते सुचलंही नव्हतं, पण पुढच्या तासाभरात मी ते माझंच म्हणून सात जणांना ऐकवलं.

मग फीफीची आई, एफुआ आंटी, आली, नवा झगा शिवून, मैत्रिणींना घेऊन. फोटो पाहून आंटीचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो! मी तिलाही वेदना समजावू लागलो.

"कसली डोंबलाची वेदना! कोरडी कातडी आहे ती. कार्टं अंगाला शिया बटर न चोपडता घराबाहेर पडलंय," ती म्हणाली. "एवढा मोठा कॅमेरा तुझा, त्यातून एवढंही दिसलं नाही? आता अख्खं लंडन म्हणेल, या पोराला आई नाही."

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हाताची घडी, चेहऱ्यावर विचारवंताचे भाव. मी तो कौतुकाने घानाला आईला पाठवला. लगेच तिचा फोन.

"तुझी कोपरं बघितली," ती म्हणाली. "मी मेले असं सांगत फिरतोस का रे तिथे?"