पहिला प्रश्न

हशा पिकला, पण बाहेर उभ्या आरोग्य तपासणीच्या गाडीकडे कोणी वळेना.

थोरली जाऊ कॅन्टीनच्या बाकावर उभी होती, हातात कापडी पॅड. "आमच्या सासूबाई पाळीला 'अडचण' म्हणायच्या," ती सांगत होती. "सासरे बिचारे जन्मभर विचारत राहिले, अगं, किती लागतील ते सांग, मी देतो."

शिलाई कारखान्यातल्या बायका डबे बाजूला सारून हसल्या. थोरलीला स्वतःला हा विनोद आता पाढे म्हटल्यासारखा वाटे. पाय दुखत होते, घसा बसला होता. सासूबाईंनी लाजेपायी दुखणं अंगावर काढलं आणि त्यातच त्या गेल्या, तेव्हा दोघी जावांनी मिळून हा धंदा काढला होता. पॅडं विकायची, हसवायचं आणि हसता हसता बायकांना डॉक्टरकडे धाडायचं. पॅडं खपत होती. गाडी मात्र प्रत्येक कारखान्यातून रिकामी परतत होती. आजही तसंच झालं तर गाडी बंद, असं गाडीवरच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं.

यावर उपाय म्हणून धाकटी जाऊ होती. आज पहिल्यांदाच तिला कामगार बायकांसारखा ॲप्रन घालून मागे बसवलं होतं. पहिला प्रश्न तिने विचारायचा, पहिली तीच गाडीत चढायची आणि मागच्या दाराने उतरून पॅडांची खोकी आवरायला यायचं. एकीने लाज सोडली की बाकीच्यांना कंठ फुटतो. प्रश्न थोरलीने ठरवून दिला होता, खाजेचा.

धाकटी उठली. "पाळी जाऊन बरीच वर्षं झाली," ती म्हणाली. "आता परत अंगावरून जातंय. हे चालतं का?"

थोरली चमकली. हे ठरलेलं नव्हतं. पण उत्तर जिभेवर तयारच होतं, कुठेतरी आधी देऊन झाल्यासारखं. "अहो, नशीबवान आहात. गेलेलं तारुण्य परत आलंय, हाकलू नका त्याला."

कॅन्टीन हसून लोटपोट झालं. थोरलीने हात वर केला. "थट्टा राहू द्या. असं झालं तर थांबायचं नाही. आजच्या आज दाखवायचं."

धाकटी खालमानेने गाडीकडे गेली. तिच्यामागे काज-बटणवाली म्हातारी उठली, मग आणखी दोघी, आणि बघता बघता रांग लागली.

थोरलीला इतकं हायसं वाटलं की ती बाकावरच बसली. जावा जावा उभा दावा, असं लोक म्हणतात, पण हिच्याशिवाय आपलं पान हलत नाही, हे तिने मनोमन कबूल केलं. काय नेमका प्रश्न काढला हिने. उद्यापासून हाच ठेवायचा.

पण धाकटी येईना. थोरलीने सगळी खोकी एकटीने बांधली. बसली असेल गप्पा छाटत, असं पुटपुटत ती गाडीपाशी गेली.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. "गाडी चालू राहील," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या जाऊबाईंना आजच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

थोरली हसली. "अहो बाई, ते नाटक होतं आमचं. रांग लागावी म्हणून."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"इतके महिने का थांबलात, असं विचारलं मी त्यांना," त्या म्हणाल्या. "तर म्हणाल्या, घरी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा जाऊबाईंनी पोट दुखेस्तोवर हसवलं."